मदत हवी आहे: हे डाकोटा प्रवासी की लष्करी?

सप्रेम नमस्कार. रत्नागिरीच्या आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत डाकोटा विमानाचे एक जुने छायाचित्र सापडले असून, ते प्रवासी डीसी-३ आहे की लष्करी सी-४७, हे जाणकारांनी कृपया सांगावे. १९३५ साली प्रथम उडालेल्या डीसी-३ वरून सी-४७ घडवताना मागे डाव्या बाजूस मालासाठी रुंद दुहेरी दार आणि अधिक मजबूत तळ देण्यात आला. छायाचित्रात तसे दार स्पष्ट दिसते. खिडक्यांना मात्र पडदे आहेत. युद्धानंतर कित्येक सी-४७ विमाने प्रवासी कंपन्यांनी घेऊन आतून बदलली, त्यामुळे केवळ दारावरून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. शेपटीवरचा क्रमांक दमट हवेने पुसट झाला आहे (कोकणातला पावसाळा कागदाला सोडत नाही). अशा वेळी आणखी कोणत्या खुणा पाहाव्यात?