तपासाला एआय जोडीदार दिला की गूढच उरत नाही, काय करावं?

अर्धवट_मसुदा:
पुण्यातल्या पोलीस ठाण्यातली एक एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आणि तिच्या संगणकावरचा एआय सहायक, अशी जोडी घेऊन रहस्यकादंबरी लिहितोय. ३२ हजार शब्द झालेत. खून एका सोसायटीत, संशयित पाच. सहायकाला सीसीटीव्ही, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी), जुने गुन्हे सगळं खुलं केलं तर तो तिसऱ्याच प्रकरणात खुनी सांगून मोकळा होतो. नाही केलं तर वाचक विचारणार, मग हा ठेवलाय कशाला? सध्या ऐन मोक्यावर 'सर्व्हर डाऊन' करून त्याला गप्प बसवतो, पण ते मलाच लंगडं वाटतंय. शिवाय छापील निनावी पत्र वाचून लिहिणारा पुरुष की बाई हे त्याने सांगावं असं डोक्यात आहे. पटेल का? आणि त्याचं मत कोर्टात चालतं का?

पान_तेरा:
सर्व्हर डाऊन आधी काढा. लेखकाला अडचण आली म्हणून यंत्र बंद पडलं, हे वाचकाला लगेच कळतं.

यंत्राच्या मर्यादा पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच ठरवून टाका आणि पुढे त्या मोडू नका. विज्ञानकथेत रहस्यकथा जमणारच नाही, गुप्तहेर ऐनवेळी खिशातून नवं यंत्र काढेल, असं विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल म्हणायचे. विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमोव्हने १९५४ च्या 'द केव्हज ऑफ स्टील' या कादंबरीत माणूस आणि यंत्रमानव अशी जोडी लावून ते खोटं पाडलं. यंत्रमानव काय करू शकत नाही हे त्याने वाचकाला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते जमलं. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घातले, त्यांतला चौथाही इथे लागू पडतो: शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा द्यावा लागेल असं साधन वापरू नये. 'मॉडेलने पॅटर्न ओळखला' हा तसलाच खुलासा.

नववा नियम मात्र उलटा करावा लागेल. त्यात गुप्तहेराच्या सोबत्याची बुद्धी वाचकापेक्षा किंचित कमी आणि मनातलं काही लपवायचं नाही. तुमच्या सोबत्याची स्मरणशक्ती अफाट आहे. तेव्हा त्याला माहिती भरपूर द्या, पण ती घटनास्थळावरच्या कशाशी जोडायची हे त्याला कळू देऊ नका. तो जे सांगेल ते खरंच असावं. फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असावं.

केस_डायरी:
सगळं खुलं केलं तरी खुनी सापडत नाही. प्रत्यक्ष तपासात ही माहिती कशी असते ते पाहा.

सीडीआर: नंबर, वेळ, कालावधी आणि टॉवरचा सेल आयडी मिळतो. माणूस कुठे होता हे नाही, त्याचा फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या दिशेच्या पट्ट्यात होता एवढंच. दाट वस्तीत तो पट्टा काहीशे मीटरचा असतो. पाचही संशयित एकाच सोसायटीतले, म्हणजे बहुधा पाचही त्याच पट्ट्यात. शिवाय सीडीआर मागवायला पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते. तुमच्या एपीआय बाई बटण दाबून तो काढू शकत नाहीत. कागद वर जाऊन खाली येईपर्यंत एक प्रकरण आरामात निघतं.

चेहरा ओळखणं: यंत्र एकच नाव सांगत नाही, चेहरा किती जुळतो त्याच्या गुणांसकट यादी देतं. एक लाख फोटोंशी ताडून पाहिलं आणि चुकून जुळण्याचं प्रमाण हजारात एक धरलं, तर शंभर भलतेच लोक यादीत येतात. पहिल्या नावावर झडप घालणारा वरिष्ठ कथेत आणा, आयतं वळण मिळेल.

सीसीटीव्ही तर सोन्याची खाण. सोसायटीच्या डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बरोबर असेलच असं नाही. चिनी प्रमाणवेळेवरच राहिलेला डीव्हीआर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे धावतो. पडद्यावर ०९:१०, प्रत्यक्षात सकाळचे ६:४०. यंत्र कोपऱ्यातला आकडा वाचून घटनाक्रम बिनचूक लावतं आणि तो अख्खा अडीच तासांनी सरकलेला असतो. हवालदाराला मात्र त्याच चौकटीत दिसतं की जिन्याखाली दुधाचे क्रेट अजून भरलेले आहेत. नऊ वाजता ते रिकामे असायला हवेत. म्हणूनच जप्तीच्या पंचनाम्यात डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहितात. तुमच्या कथेत ती ओळ राहून गेली, इतकंच पुरे. फुटेजवर जास्त दिवस विसंबूही नका. हार्डडिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं, सोसायट्यांत बऱ्याचदा १५ ते ३० दिवसांत.

कोर्टाचं: १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर नवे कायदे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळेल असा तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा. ते फुटेजला लागू झालं. एआयने काढलेला निष्कर्ष वेगळी गोष्ट. तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी द्यावी लागते, सॉफ्टवेअर उभं राहत नाही. म्हणून सहायकाने फक्त दिशा दाखवावी, पुरावा बाईंनी पंचांसमोर उभा करावा. झडतीचं चित्रीकरणही आता करावंच लागतं (बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). आरोपी कोठडीत असेल तर खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर तो जामिनाचा हक्कदार. कथेला ताण हवा असेल तर हे घड्याळ वापरा. बॉम्ब वगैरे नको.

ळ_आणि_ल:
पत्राबद्दल. पुरुष की बाई हे मराठीत क्रियापदावरून कळतं, पण सगळ्याच क्रियापदांवरून नाही. 'मी पाहिलं, मी ठेवलं, मी लिहिलं' यात लिंग दिसत नाही. 'मी गेलो/गेले, विसरलो/विसरले, बोललो/बोलले' यात उघड होतं. 'मी सांगेन', 'मी बघत आहे', 'मला माहीत आहे', 'आम्ही आलो' ही सगळी झाकलेली रूपं. हुशार माणूस पानभर पत्र लिंग न कळू देता लिहू शकतो. म्हणून यंत्राचा पहिला शोध असा ठेवा: 'चाळीस वाक्यांत एकही लिंगदर्शक रूप नाही, हे आपोआप होत नाही. लिहिणाऱ्याने मुद्दाम टाळलं आहे.' यंत्राला हे मोजता येतं, माणसाच्या नजरेतून सुटतं.

मग एकच चूक राहू द्या. शेवटच्या, घाईतल्या ओळीत 'मी त्या रात्री वर आलो होतो'. यंत्र म्हणणार, पुरुष. संशयितांतल्या दोन बायका सुटल्या. पण कोल्हापूरकडे बायकाही सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिकडचा हवालदार हे वाक्य वाचून थांबेल.

अर्धवट_मसुदा:
कमाल! पण शेवटी हवालदाराने कोल्हापूर काढलं तर वाचक ओरडणार नाही का, की आम्हाला कुठे सांगितलं होतं?

ळ_आणि_ल:
दुसऱ्या प्रकरणात पेरा. मधल्या मजल्यावरची सून जबाब देताना संवादात म्हणते, 'दार उघडंच होतं, म्हणून मी आत आलो.' ध्वनिमुद्रणावरून जबाब उतरवण्याचं काम सहायकाकडे असू द्या. नवव्या प्रकरणात तोच जबाब वाचकाला टंकलेला दाखवा: 'म्हणून मी आत आले.' बोलणारी बाई आहे म्हणून यंत्राने व्याकरण 'सुधारलं'. पुरावा त्यानेच पुसला, आणि दोन्ही रूपं वाचकासमोर छापलेली आहेत. खुलाशाला परिच्छेदही लागणार नाही, बाईंनी मूळ ऑडिओ पुन्हा ऐकला की झालं.

एक सांभाळा. शाळेत शिकलेला माणूस लिहिताना प्रमाण रूपच लिहितो, तेव्हा पत्रात ही चूक एकदाच, आणि तीही शाप दिल्यासारख्या रागाच्या ओळीत. दोनदा केलीत तर कोल्हापूरचा वाचक चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटेल.

केस_डायरी:
आणि तो जबाब यंत्राने उतरवल्यावर कोणीतरी वाचून तपासायला हवा होता. कोणी तपासला नाही, हे कुठेतरी दिसू द्या. रात्रपाळी, अकरा जबाब, एकच ठाणे अंमलदार. तेवढं पुरेल.