मदत हवी आहे: बारा वर्षांच्या मुलाचा फुटबॉल दोन महिने थांबवावा का?

मुलगा सातवीत, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. दिवाळीपासून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, दाबलं की कळवळतो. ऑर्थोपेडिकना दाखवलं, ते 'ऑसगुड-श्लॅटर' म्हणाले. मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे जोडला जातो तिथलं हाड या वयात कच्चं असतं. उंची भराभर वाढताना धावण्या-उड्यांनी तिथे सारखी ओढ बसते. घाबरू नका, खेळ कमी करा, म्हणाले. किती कमी, ते गर्दीत विचारायचं राहिलं.

काल कागद घेऊन बसले. शाळेची टीम चार दिवस दीड-दीड तास, अकॅडमी तीन दिवस दोन-दोन तास, रविवारी टर्फवर दोन तास मॅचेस. झाले १४. शिवाय अधूनमधून पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढायला नेतात, ते वेगळंच. प्रत्येक सर म्हणतात, "आमच्याकडे फार ताण नसतो." आपापल्यापुरतं खरंही आहे ते. बेरीज कुणीच करत नाही. मीही कालच केली म्हणा.

आमचे हे लहानपणी क्रिकेट खेळायचे, पाऊस आला की बॅट माळ्यावर. फुटबॉलला पाऊसही चालतो आणि टर्फवर रात्री दिवे, मग सीझन संपणार कधी?

एप्रिल-मे पूर्ण बंद ठेवावा असं मला वाटतं. अकॅडमीचे सर म्हणतात, उन्हाळी कॅम्प चुकला तर टीममध्ये जागेची खात्री नाही. चिरंजीव दोन दिवस अबोला धरून बसलेत. सरांशी काय बोलू? आणि दोन महिन्यांत खेळ खरंच विसरतो का?

गोदाकाठ: ताई, मी फिजिओ आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने तो खेळ बंद, सलगच हवेत असं नाही, महिना-महिना करून चालेल. आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, असाही ढोबळ हिशोब धरतात. तुमचं बघा, बाराला १४. बंद म्हणजे सोफ्यावर बसवणं नव्हे, पोहायला पाठवा. पायऱ्या आणि उड्या मात्र आजपासून नकोत. दुखणं वाढलं तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

सातपूरकर: आमच्या मुलीची टाच दुखायची, दोन महिने थांबलो. परतल्यावर पंधरा दिवस नुसती धापा टाकायची, बॉलवरचा ताबा मात्र तसाच होता. टीममधली जागा गेली होती, ऑगस्टमध्ये मिळाली. सरांशी वाद घालू नका, तो कागदच दाखवा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. कागदाचा फोटो तिन्ही सरांना पाठवला. शाळेच्या सरांचा लगेच फोन आला, "तो अकॅडमीतही जातो? मला माहीतच नव्हतं." बाकी दोघांच्या निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.