महिला तहसीलदारांना ‘रावसाहेब’ म्हणायचं की आणखी काही?

प्रश्न

आमच्या तालुक्याला पहिल्यांदाच महिला तहसीलदार आल्यात. आमच्याकडे तहसीलदार म्हणजे ‘रावसाहेब’, ग्रामसेवक म्हणजे ‘भाऊसाहेब’, तलाठी म्हणजे ‘तात्या’. नाव कुणी घेतच नाही. वडील परवा कचेरीत गेले. सवयीने ‘राव’ एवढं तोंडातून गेलं आणि पुढचं गिळून ते ‘मॅडमसाहेब’ म्हणाले. आता सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज द्यायचाय. ‘महोदय’ लिहू की ‘महोदया’? ‘अधिकारी’चं स्त्रीलिंग काय?

प्रतिसाद

अर्जात ‘मा. तहसीलदार’ आणि खाली ‘महोदया’. ‘मा.’ म्हणजे माननीय की माननीया, ही भानगड टिंबामागे झाकली जाते, कोर्टाच्या कागदातल्या ‘मे.’ (मेहेरबान) सारखी. नाव घालणार असाल तर ‘श्रीमती’. ‘सौ.’ अजिबात नको. ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ लिहायचं तर नवरा हयात आहे की नाही याची आधी चौकशी करावी लागते. नाव दुरुस्तीला ती कशाला हवी?

‘अधिकारी’चं स्त्रीलिंग शोधू नका, मराठीत ते काम क्रियापद करतं. ‘जिल्हाधिकारी आले’, ‘जिल्हाधिकारी आल्या’. त्या ‘आल्या’त बाई आहेत हेही कळलं आणि मानही राहिला. सुजाता सौनिक २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या. ‘मुख्य सचिव म्हणाल्या’ वाचताना कुणी अडखळतं का?

दुसरा प्रतिसाद

मग शिक्षिका, प्राध्यापिका, अध्यक्षा कशा चालतात? आणि त्या चालतात तर ‘सरपंचीण’ने काय घोडं मारलंय? चांगला देशी शब्द आहे.

त्यावर उत्तर

देशी आहे, पण आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, कुळकर्णीण म्हणजे कुळकर्ण्याची. ‘मास्तरीणबाई’ स्वतः शिकवायच्या, पण तो अपवाद. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. निवडून आलेल्या बाईला ‘सरपंचीण’ म्हणालात की ऐकणारा पुन्हा विचारणार, सरपंच कोण? (विचारायची गरज पडत नाही म्हणा. ‘सरपंचपती’ बहुधा शेजारच्याच खुर्चीत असतात.) म्हणून ‘सरपंच आल्या’.

‘अध्यक्षा’ चूक नाही, पण मला तो शब्द समारंभाच्या पत्रिकेतला वाटतो. खुर्चीला लिंग नसतं. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या ‘पती’वरून केवढा खल झाला! सेनापती, सभापती, कुलपती यांतला ‘पती’ म्हणजे स्वामी, प्रमुख. मंगळसूत्राशी त्याचा संबंध नाही. शेवटी राष्ट्रपतीच राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

प्रश्नकर्ती

लिहिण्याचं समजलं. बोलताना मात्र ‘मॅडम’ म्हणायला जीभ वळत नाही हो. ‘बाई’ का नाही?

उत्तर

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ‘मड्डम’ हा शब्द आपल्याकडे गोऱ्या साहेबाच्या बायकोसाठी आला. नंतर नट्टापट्टा करणारीला टोमणा म्हणून वापरला गेला. त्यातला एक ‘ड’ गळाला आणि त्याची ‘मॅडम’ होऊन कचेरीत बसली. तिचा गुण एकच, ती काही विचारत नाही. लग्न झालंय का, वय काय, नात्यागोत्यातली आहे का, काही नाही.

खरं तर ‘बाई’ही तशीच होती. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वरहून राज्य केलं. झाशीत राणी ‘बाईसाहेब’ होत्या. अगदी १९७७ पर्यंत ‘बाई’त सत्तेचा दरारा शिल्लक होता. पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’. त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, तेव्हा मुंबईत घोषणा झाली: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. घोषणा हिंदी, पण ‘बाई’ आपली. एकीचं कौतुक आणि दुसरीची टिंगल, दोन्ही त्याच शब्दात मावली.

पुढे मध्यमवर्गाने धुणंभांडी करणाऱ्यांना ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्द उतरला. तोही पुरता नाही. शाळेत ‘बाई आल्या’ म्हटलं की वर्ग चिडीचूप होतो. घरात ‘बाई आली’ म्हटलं की सिंकमधली भांडी घासायला पडतात. फरक पुन्हा क्रियापदातच. तहसील कचेरीत ‘बाई, जरा ऐकता का’ म्हणालात तर त्या ते शाळेतलं ऐकतील की घरातलं, याचा भरवसा नाही. जोखीम कशाला घेता?

आणखी एक प्रतिसाद

‘ताई’ राहिलंच. गोव्यात दयानंद बांदोडकर ‘भाऊसाहेब’ आणि त्यांच्यानंतर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ‘ताई’. सुमित्रा महाजन मूळच्या चिपळूणच्या. हिंदीत ‘ताई’ म्हणजे थोरली काकू, पण इंदूरने त्यांना मराठी अर्थाने ताई केलं. लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या तरी शहराला त्या ताईच.

उत्तर

हो, पण निवडून आलेली ती ताई आणि नेमणुकीवर आलेली ती मॅडम, असाच सगळीकडचा रिवाज दिसतो. नेत्याशी नातं जोडता येतं, कारण मत दिलेलं असतं. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत ताई म्हणणं म्हणजे सलगीने काम उरकून घेण्याचा बेत वाटतो. गंमत बघा, शासनाच्याच उतरंडीत अगदी खाली, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्याही ताईच. मधल्या सगळ्या मॅडम.

‘साहेब’ बायकांना लागत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मासाहेब, आईसाहेब, ताईसाहेब सगळ्या आहेत. अडचण एवढीच की ते वाड्यातले शब्द आहेत. कचेरीत ‘ताईसाहेब’ म्हणालात तर मागचा रांगेतला माणूस तुम्हाला कुठल्या तरी आमदाराचा कार्यकर्ता समजेल. तहसीलदारांशी बोलताना ‘मॅडम’ म्हणा, ‘आपण’ वापरा. आणि बाहेर येऊन घरी फोन करताना ‘मॅडम आलीय’ न म्हणता ‘मॅडम आल्यात’ म्हणा.