पोरं टोळीत का शिरतात? पोटासाठी की वट म्हणून?

लालबागकर: पुण्यातल्या कोयता गँगची बातमी आली की खाली ठरलेलं वाक्य असतंच, "घरचे संस्कार नाहीत." आमच्या गिरणगावात संस्कारांना काय तोटा होता? भजनी मंडळं, व्यायामशाळा, सगळं होतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याआधी दहावी नापास पोरगाही बापाच्या ओळखीने बदली कामगार (गैरहजर कामगाराच्या जागी) म्हणून गिरणीच्या खात्यात चिकटायचा. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ती वाटच बुजली. मग नाक्यावरचा भाईच तेवढा पैसे देणारा उरला.

बाणेरचा बंड्या: दाऊदचे वडील मुंबई पोलिसांत होते, त्यांची कुठली गिरणी बंद पडली? गुंड मन्या सुर्वे तर कॉलेज शिकलेला. त्याचा एन्काउंटर ११ जानेवारी १९८२ चा, म्हणजे संपाच्याही आठवडाभर आधीचा! अडीच लाख घरांतली बहुतेक पोरं भाजी विकून, हमाली करून जगलीच की. फुकटची वट हवी असते, बस.

लालबागकर: भाजीचं बरं काढलंत. टोळीवाल्या अमर नाईकच्या घरचा दादरला भाजीचाच धंदा होता. हप्तेवाल्यांना नडता नडता गडी स्वतः हप्ते घेऊ लागला. (समर्थन नाही करत, उगाच तुटून पडू नका.)

खडूफळा: मी हडपसरकडे शाळेत शिकवतो. माझ्या नववीतल्या एका पोराला शेजारच्या गल्लीतली पोरं रोज अडवून मारायची. एका 'दादा'ने त्याला फक्त गाडीवर मागे बसवून वस्तीतून फिरवलं. मार थांबला. महिन्याभरात ह्याच्या दप्तरात कोयता. पोरगं १८ च्या आतलं, म्हणजे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाणार, हे दादाला पक्कं ठाऊक. म्हणून हत्यार पोराच्या हाती आणि दादा टपरीवर चहा पीत.

बाणेरचा बंड्या: मग करा ना कायदा कडक.

खडूफळा: २०१५ च्या कायद्याने १६ च्या पुढच्यांवर निर्घृण गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालू शकतो. माझा पोरगा चौदाचा होता. त्याने काय कायदा वाचून कोयता घेतला?

बाणेरचा बंड्या: मार पडत होता तर शाळेत सांगायचं होतं त्याने.

खडूफळा: सांगितलं होतं. मलाच. मी म्हटलं, दुसऱ्या रस्त्याने जात जा.