लॅमिनेटेड खांब 24 टन पेलतो? गोठ्याच्या त्या पोस्टला उत्तर

हिशोबी_वर्धा
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय की चार इंची लॅमिनेटेड (फळ्या एकमेकींना चिकटवून केलेला) खांब 24 टन पेलतो, म्हणजे एम-25 काँक्रीटच्या तोडीस तोड. आणि सागाच्या दोन फळ्या पांढऱ्या डिंकाने चिकटवल्या की खांब तयार. लोक हे वाचून गोठे उभारतील, म्हणून सविस्तर लिहितो.

24 हा आकडा खरा आहे. युरोपातल्या जीएल24एच दर्जाच्या ग्लुलॅमची (कारखान्यात फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाची) तंतूंच्या दिशेने दाबाची ताकद दर चौरस मिमीला 24 न्यूटन धरतात. 100 बाय 100 म्हणजे 10,000 चौरस मिमी, गुणलं की 24 टन. पण ही ताकद प्रेसखाली काही मिनिटं दाबलेल्या आखूड ठोकळ्याची. तीन मीटरचा खांब चिरडला जात नाही, त्याआधीच तो मधे पोट काढतो, म्हणजे बाजूला वाकतो. इथे उंची भागिले जाडी 30 येते, आणि आपल्या आयएस 883 या लाकडी बांधकामाच्या मानकात 11 च्या पुढे खांब आखूड धरतच नाहीत. पोट काढणं आणि कायमचा भार दोन्ही धरून युरोकोडने (युरोपच्या बांधकाम नियमांनी) मोजलं तर त्याच खांबाचे साधारण 4 टन उरतात. काँक्रीटशी तुलना इथेच संपते.

कवेलू_आर्वी
भाऊ, पण 4 टन तरी कोणाले लागतात? टिनाचं छप्पर, एका खांबावर 9 चौरस मीटर आलं. चौरस मीटरले पत्रा-कैची 15 किलो अन् वरचा भार 75 किलो धरला तरी 800 किलोच्या आसपास. गोठ्याले हे पुरते. लोकायले उगीच भेव काऊन दाखवता?

हिशोबी_वर्धा
नुसत्या टिनाला पुरतं, हे मान्य. तिथे भारापेक्षा वादळात छप्पर उचललं जाण्याची काळजी जास्त. पण त्या पोस्टमधल्या चित्रात कडब्याचा माळा आहे. माळ्यावर चौरस मीटरला 300 किलो धरले की त्याच खांबावर आणखी 2,700 किलो आले. आता सांगा, शिल्लक किती?

आरा_मशीन_बल्लारशा
दोघंही चिकटवणं बरोबर आहे असं धरून बोलताय. खरी अडचण तिथेच आहे. 50 मिमीच्या दोन फळ्यांनी 100 मिमीचा खांब केला आणि सांधा सरकायला लागला, तर दोन्ही फळ्या वेगवेगळ्या वाकतात. मग त्या दिशेची पोट न काढण्याची क्षमता सलग खांबाच्या चौथाईवर येते. खिळे ठोकून ती अर्धवटच परत मिळते.

पांढरा पीव्हीए डिंक कायम भाराखाली हळूहळू सरकतो. उन्हाने मऊ होतो, ओलाव्याने फुगतो. मे महिन्यात 45 अंशांत पत्र्याखाली काय होत असेल ते बघा. भार पेलायच्या खांबाला रिसॉर्सिनॉल फिनॉलचा किंवा तशाच दर्जाचा डिंक हवा.

सागाचा आणखी एक त्रास म्हणजे त्याचं तेल. रंधा मारल्यावर ते पृष्ठभागावर येतं आणि डिंक धरत नाही. रंधा मारला त्याच दिवशी अॅसिटोनने पुसून, वाळू देऊन लगेच चिकटवायचं. दाब दर चौरस सेंटिमीटरला निदान 7 किलो. तीन मीटर लांब, 10 सेंमी रुंद सांध्याला हे 21 टन होतात. एक शिकंजा टनभर दाब देत असेल तर दर 15 सेंटिमीटरवर एक, म्हणजे वीस-एकवीस शिकंजे लागतात. चार शिकंजे लावून रात्रभर ठेवलेला खांब म्हणजे चार जागी चिकटलेल्या दोन फळ्या. दाब बरोबर बसला की कडेने बारीक मण्यांची सलग ओळ बाहेर येते. जिथे मणी तुटतात तिथे सांधा कोरडा. उन्हाळ्यात डिंकाचं मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून हे काम पहाटे करायचं.

मालकी_साग_गडचिरोली
शिकंजे वीस लावा नाहीतर चाळीस, लाकूड कच्चं असेल तर सगळं वाया. आणि कच्चं का येतं? स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायचा तर 1964 च्या झाडेतोड कायद्याखाली परवानगी, न्यायचा तर टीपी (वाहतूक परवाना). कागद हाती येईपर्यंत शेतकरी थकतो आणि मिळेल त्या भावाला ओला माल देऊन मोकळा होतो. सुतारही तोच ओला घेतो. आधी हे सुधारा.

आरा_मशीन_बल्लारशा
टीपीने अडवलं म्हणून ओलं चिकटवायचं का? फळ्या 12 टक्क्यांच्या आसपास वाळवा, शेजारच्या दोन फळ्यांत 4-5 टक्क्यांहून जास्त फरक नको. फळ्यांच्या मधे पट्टी लावून, सावलीत, वाऱ्यावर थप्पी रचा. ओलावा मोजायचं मीटर घ्या.

मालकी_साग_गडचिरोली
सहा महिने थप्पी लावायला शेतकऱ्याकडे जागा आणि पैसा कुठून येणार? आरा मशीनवाल्यांनी ओल्याला कोरड्याचा भाव लावायचा आणि वर मीटर घ्यायला सांगायचं, हे चालणार नाही.

आरा_मशीन_बल्लारशा
ओल्याला कोरड्याचा भाव लावणारे आहेत, नाकारत नाही. पण तो राग सांध्यावर काढला तर छप्पर खाली येईल.

बांबू_चंद्रपूर
सागाच्या मागे का लागताय? लॅमिनेटेड बांबू वापरा. वणी-वरोरा महामार्गावर 2023 मध्ये 200 मीटरचं बाहू बल्ली कुंपण लागलं, गाड्यांचा धक्का सोसण्यासाठी. त्याच्यापुढे गोठ्याचा खांब काय?

हिशोबी_वर्धा
बाहू बल्ली लॅमिनेटेड नाही, ते प्रक्रिया केलेले अख्खे बांबू आहेत. शिवाय तिथे आडवा धक्का आहे, उभा दाब नाही. बांबूच्या पट्ट्यांचा खांब दाबाला चांगला होतो हे खरं, पण पिठ्या भुंगेऱ्यासाठी (बांबू पोखरणाऱ्या किड्यासाठी) प्रक्रिया आणि डिंकाचे वरचे सगळे नियम त्यालाही लागू.

जुना_वाडा_अकोला
सगळे खांबाच्या मधल्या भागावर भांडताय. जुन्या वाड्यात खांब आणि तुळईच्या मधे हस्त (खांबाच्या डोक्यावरचा आडवा लाकडी ठोकळा) का असतो? लाकूड उभ्या तंतूंत जितका दाब घेतं, त्यापेक्षा खूपच कमी आडव्या तंतूंत घेतं. ज्या दर्जाचे 24 सांगितले त्याचेच आडवे 2.5. कायमच्या भाराला त्यातले 1.2 धरायचे. चार इंची खांबाचं डोकं तुळईला थेट टेकलं तर 12 किलोन्यूटन, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. बाजूच्या तंतूंची मदत धरली तरी फार तर तीन-साडेतीन टन. म्हणजे तुमचे 4 टन यायच्या आधी तुळईच दबते. खांबाच्या कडेला तुळईत बोटभर खोल चौकोनी ठसा दिसतो, त्याच्या बाजूने तंतू वर उचललेले असतात. हस्त हा भार लांब पसरवतो. आज ते काम 12 मिमीची 200 बाय 200 लोखंडी प्लेट करते.

खालीही तेच. खांबाचं बूड जमिनीवर नको, उथळ्यावर (दगडी बैठकीवर) किंवा निदान 150 मिमी उंच, जस्त चढवलेल्या लोखंडी बुटात बसवा. बुडाच्या तोंडातून पाणी चढलं की सांधे आधी तिथूनच उघडतात. ओलाव्याने ताकदही जाते: एक टक्का ओलावा वाढला की दाबाची ताकद साधारण 5 टक्के कमी, लाकडाचे तंतू ओलाव्याने पूर्ण भरेपर्यंत. बाहेरचं लाकूड आपल्याकडे मे महिन्यात 5-6 टक्क्यांवर असतं आणि भादव्यात 16-18 वर जातं.

कवेलू_आर्वी
प्लेटची गोष्ट पटली. पण उधईचं कोणीच नाई बोललं. लहान सागाच्या फळीत पांढरा भाग जास्त येते, अन् उधई तोच खाते.

आरा_मशीन_बल्लारशा
बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं. दाबाच्या ताकदीत पांढरा आणि गाभा यांत फार फरक नाही, टिकण्यात मात्र मोठा आहे. म्हणून पांढरा भाग कापून टाका, किंवा त्यावर आधी प्रक्रिया करा. प्रक्रियेनंतर फळी पुन्हा 12 टक्क्यांवर वाळवायची, मग रंधा, मग डिंक. हा क्रम उलटला तर डिंक धरणार नाही.

कवेलू_आर्वी
ठीक. माळा असन तर 4 इंचाच्या जागी 6 इंची करतो. टिनाचा नुसता गोठा मात्र 4 इंचावरच राहीन, ते मी सोडत नाई.

हिशोबी_वर्धा
माळा नसेल तर राहू द्या 4 इंचावर. फक्त अर्ध्या उंचीवर दोन्ही दिशांनी आडवी बांधणी घाला. पोट काढायची मोकळी लांबी निम्मी होते, आणि तेवढ्यावर तीन मीटरचा खांब दीड मीटरच्या खांबासारखा वागतो.