मदत हवी आहे: टॅब बरोबर, ट्यूनिंग बरोबर, तरी बेस गिटार गाण्याशी जुळत नाही

सातरस्ता (धागाकर्ता):
शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर वाजवायचं आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. एका जुन्या हिंदी गाण्याचा बेस टॅब (कोणती तार कितव्या घरात दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं असतं तो) नेटवरून उतरवून घेतला. नुसता वाजवला की चाल हुबेहूब येते. गाणं लावून सोबत वाजवायला गेलो की भयानक बेसूर. ट्यूनर हिरवा दाखवतोय, आकडे पुन्हापुन्हा तपासले. गिटार येते मला, तेव्हा टॅब कसा वाचायचा ते कृपया शिकवू नका.

खर्जातला:
गाणं कोणतं? टॅबच्या वर ट्यूनिंग लिहिलंय का? ऐकताय ती प्रत कुठली? आणि 'बेसूर' म्हणजे किती, किंचित की पारच दुसरीकडे?

सातरस्ता:
गाण्याने काय फरक पडतो? स्टँडर्ड ट्यूनिंग (जाड तारेकडून ई, ए, डी, जी) लिहिलंय. यूट्यूबवरून ऐकतोय.

परळ_लोएंड:
अर्धा सूर खाली असणार, पैज लावा. रॉकवाले सर्रास चारही तारा अर्धा सूर उतरवतात आणि टॅब लिहिणारा सवयीने 'स्टँडर्ड' लिहून मोकळा होतो. खूण सांगतो: गाण्यातला सर्वात खालचा सूर शोधा. तो ई फ्लॅट (ई च्या अर्धा सूर खाली) निघाला तर स्टँडर्ड चार तारांवर तो वाजूच शकत नाही.

कानसेन:
टॅब फेका आणि कानाने बसवा. फुकटचे टॅब तपासतं कोण? प्रत्येक बारचा (तालाच्या एका आवर्तनाचा) पहिला सूर पकडा, बहुतेक वेळा तो कॉर्डचा रूट, म्हणजे मूळ सूर असतो. मग त्याचा पंचम आणि ऑक्टेव्ह (वरच्या सप्तकातला तोच सूर) लावून बघा. निम्मं गाणं तिथेच बसतं.

परळ_लोएंड:
शनिवारी वाजवायचंय म्हणतायत ते. कोणत्या वर्षीचा शनिवार धरलात?

कानसेन:
टॅबवर पोसलेली मंडळी गायकाने पट्टी बदलली की हातावर हात धरून बसतात, एवढंच म्हणेन.

परळ_लोएंड:
पट्टी बदलली तर आकृती दोन फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधली घरं) सरकवायची. त्यात रडण्यासारखं काय आहे?

चौतारी:
भांडण नंतर. हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. खुली ई ४१.२ हर्ट्झला वाजते. फोनच्या माइकला इतकं खालचं नीट ऐकू येत नाही आणि ॲप भलत्याच सुराकडे भरकटतं. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर धातूच्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा वरचा सूर) काढा. ८२.४ हर्ट्झ मिळतो, काटा थरथरत नाही. तार हळू छेडा, जोरात छेडली की सुरुवातीला सूर चढा दाखवतो. आणि नेहमी खालून वर चढवत लावा. वरून उतरवत आणली तर नटच्या (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकलेली तार नंतर सुटते आणि सूर पडतो.

सातरस्ता:
फोन नाही, केबल लावून पेडल ट्यूनर आहे. अर्धा सूर उतरवूनही पाहिलं, काही उपयोग नाही. किंचित वगैरे नाही, पारच दुसरीकडे आहे.

मंद्र_सप्तक:
नुसतं वाजवलं की हुबेहूब आणि सोबत वाजवलं की पार दुसरीकडे. बेसला तारा किती? आणि हे गाणं वाजवताना सर्वात बारीक तारेला हात लागतो का?

सातरस्ता:
पाच. नाही लागत. का?

मंद्र_सप्तक:
टॅब चार ओळींचा असणार. त्याची तळातली ओळ म्हणजे ई. तुमच्या बेसची सर्वात जाड तार मात्र बी आहे, ३०.८७ हर्ट्झची. तळातली ओळ जाड तारेवर वाजवली की सगळं गाणं पाच फ्रेट खाली जातं. बेसवर शेजारशेजारच्या कुठल्याही दोन तारांत पाच फ्रेटचंच अंतर असतं, म्हणून आकृती मोडत नाही आणि चाल बरोबरच वाटते. सहा तारांच्या गिटारवर जी आणि बी यांच्यात चारच फ्रेट असतात, तिथे हा घोळ लगेच कानाला टोचला असता.

सगळं एकेक तार बारीक बाजूला सरकवा. बी वाजत नसेल तेव्हा तिच्यावर अंगठा टेकलेला असू द्या, नाहीतर ती आपोआप घुमत राहते. पण ती अगदीच निरुपयोगी नाही. ई चा १ला फ्रेट म्हणजे बी चा ६वा, ई चा ३रा म्हणजे बी चा ८वा. ३४ इंची बेसवर पहिल्या तीन फ्रेटांत बोटं फार ताणतात, तेच सूर वर जाऊन घेतले की हात मोकळा राहतो.

चौतारी:
म्हणून म्हणतो, चार तारा पुरेत.

डोंबिवली_फास्ट:
अवांतर: पावसाळ्यात वाजवून झालं की तारा पुसताना कपडा तारेखालूनही फिरवा. घाम आणि दमट हवा खालच्या अंगालाच जास्त बसते. उकळून वगैरे जुन्या तारा जिवंत करतात लोक, पण ती चमक चार दिवसांची. गच्चीवर अँप (बेसचा स्पीकर) कठड्याला किंवा टाकीच्या भिंतीला लावून ठेवा, उघड्यावर खर्ज ऐकू येत नाही. दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे हे धरून चला.

कानसेन:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सातरस्ता:
तारा नव्या आहेत हो. सरकवून वाजवलं, पट्टी जुळली. पण अजून किंचित खुपतंय, दोन फ्रेटांच्या मधे कुठेतरी. शिवाय सूर बरोबर आले तरी ताल हुकतोय. रेघांवरून किती थांबायचं ते कळत नाही.

खर्जातला:
म्हणून विचारत होतो प्रत कुठली ते. कॅसेट किंवा रेकॉर्ड जरा जलद फिरली की सूरही चढतो. गाण्यात बेसचा एखादा लांब सूर थांबतो तिथे आपला वाजवून बघा, चढा आहे की उतरलेला. चढा असेल तर ट्यूनरचा संदर्भ (ए सुराचे हर्ट्झ) ४४० वरून वाढवत न्या. ४४८ केला की सगळं सुमारे ३१ सेंट वर जातं (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट). शनिवारी कीबोर्डवाला असेल तर मात्र बेस ४४० वरच ठेवा, नाहीतर तिथे नवा तमाशा. त्यापेक्षा सरावाची फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून तिचाच सूर बदला.

मंद्र_सप्तक:
ताल: साध्या टॅबमध्ये काळ लिहिलेलाच नसतो. नीट लिहिलेला असेल तर एका बारला १६ जागा, म्हणजे मात्रेला ४, अशा:

जी |----------------|
डी |--------५---३---|
ए  |----५-----------|
ई  |३---------------|

इथे चार सूर चार मात्रांवर सरळ पडतात. पण बरेच जण रेघा अंदाजाने ओढतात. म्हणून गाणं ०.७५ वेगाने लावा (यूट्यूबवर सूर बदलत नाही), पायाने मात्रा धरा आणि प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने १, २, ३, ४ किंवा मधला 'आणि' लिहा. ड्रमरचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) कुठे पडतो ते आधी पकडा, बेस बहुधा त्याच्याच जोडीने असतो.

कानसेन:
म्हणजे शेवटी कानानेच ना?

परळ_लोएंड:
सूर टॅबने, ताल कानाने. झालं समाधान?

सातरस्ता:
वाद घाला नंतर. आकड्यांच्या मधे फुल्या आहेत, त्या वाजवल्या की शिट्टीसारखा आवाज येतो.

चौतारी:
फुली म्हणजे सूर नाही, नुसता 'टक'. डाव्या हाताचं एकच बोट टेकवत असणार तुम्ही. ते ५, ७ किंवा १२व्या फ्रेटच्या पट्टीवर आलं की हार्मोनिक वाजतो. निदान दोन बोटं, जमलं तर तीन, तारेवर आडवी पसरा. दाबू नका, फक्त टेकवा. उजवा हात नेहमीच्याच जोराने चालू दे.