मदत हवी आहे: आउटबोर्ड मोटर लवकर चालू होत नाही आणि रेस दिली की बंद पडते

मंडळी, आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावतात ती मोटर) कामात कोणी असेल तर प्लीज बघा. मोटर १५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, एक कार्बोरेटर, दोरीची स्टार्ट, टाकी होडीत वेगळी. पेट्रोल-ऑइल ५०:१, मोटरच्या पुस्तकात तेच दिलंय.

थंड असताना चोक ओढून, पाईपमधला रबरी फुगा (हाताने दाबून पेट्रोल मोटरकडे ढकलायचा) कडक होईपर्यंत दाबून दोरी ओढत बसायचं, खांदा निखळायची वेळ येते तेव्हा कुठे फटफटते, आणि चोक आत ढकलला की गचके खात बंद. एकदा गरम झाली की न्यूट्रलला बरी चालते, गिअरमध्ये हळू चालवली तरी तक्रार नाही, पण थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की थोडा वेळ मस्त पळते आणि मग रेस आपोआप उतरत जाते, मध्येच जरा उचल खाते आणि गप्प. लगेच ओढली तर उठत नाही, फुगा दाबून ओढली की चालू. परत तेच रडगाणं.

आतापर्यंत: प्लग नवीन टाकले, दोन्हीकडे करंट चांगला निळा येतोय. जुनं पेट्रोल पूर्ण काढून काचेच्या बाटलीत ठेवून बघितलं, तळाला पाणी नाही. कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल यायची बारीक भोकं) साफ केले. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच असतो, हे आधीच सांगतो कारण पहिला प्रतिसाद तोच येणार. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार जोरात आहे, मोटर गरम होत नाही.

मेकॅनिक म्हणतो कॉइल गरम झाली की वीक होते, बदलून टाका. मला पटत नाही. करंट गेला तर मोटर स्विच बंद केल्यासारखी फट्कन बंद होईल ना, ही तर धापा टाकत मरते. शिवाय रेस उतरायला लागली की भाऊ मागे बसून फुगा दाबत राहतो तर ती परत उचलते! बंद पडल्यावर प्लग काढले तर दोन्ही कोरडे. म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये. आता पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) गेलाय की पाईप? पाईप फडक्याने पुसून कोरडा करून बघितला, एक थेंब गळत नाही.

प्रतिसाद १
कॉइल विसरा, तुमचं बरोबर आहे. पण "गळत नाही" यावर जाऊ नका. टाकीपासून फुग्यापर्यंतचा पाईप नेहमी ओढीवर असतो, तिथे फट असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. बंद पडते त्या क्षणी फुगा कसा असतो ते सांगा. पिचकून चपटा झाला असेल तर टाकीकडून पेट्रोल अडतंय, म्हणजे हवेचा स्क्रू किंवा टाकीतली जाळी. नुसता मऊ असेल तर कुठेतरी हवा घेते किंवा फुग्याचा व्हॉल्व्ह गेलाय.
आणि तोपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका हो. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

धागाकर्ता
मऊ असतो, पण गोल. रात्रभर ठेवला तर सकाळी अगदीच लुळा.

प्रतिसाद १
मग हवाच. पेट्रोल मागे टाकीत उतरतं म्हणून सकाळी दोरी ओढून जीव जातो. फुगा आणि मोटर यांच्यामध्ये तात्पुरता पेट्रोलला चालणारा पारदर्शक पाईपचा तुकडा लावा, बुडबुडे दिसतील.

प्रतिसाद २
त्याआधी कोणाची तरी दुसरी टाकी पाईपसकट लावून पळवा. नीट चालली तर पंप, कार्बोरेटर कशालाच हात लावायची गरज नाही. लोक आधी कार्बोरेटर खोलतात कारण तो समोर दिसतो.

धागाकर्ता
दोन्ही केलं. दुसऱ्या टाकीवर एकदम झकास. माझ्या पाईपात बुडबुड्यांची माळच चाललेली. टाकीकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग (रबरी गोल वॉशर) दाबून सपाट झालीये आणि एका बाजूला चिरलीये, नखाने ओढली तर तुकडा हातात आला. नवीन टाकली, आता रेस उतरत नाही, सकाळीही पटकन उठते. चोक काढल्यावरचे गचके थोडे आहेत अजून, त्याला कार्बोरेटरवरचा स्लो स्पीडचा स्क्रू फिरवू का?

प्रतिसाद २
थंड असताना नको. पूर्ण गरम करून, होडी पक्की बांधून, गिअरमध्ये टाकून मग थोडा थोडा फिरवा. आधी किती आटे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा, आणि आत बसवताना जोर लावू नका, टोक चेपलं की सेटिंग कधीच लागत नाही.